८९६ चं अंतर

पाऊस लागायच्या आधी आमच्या दुकानात गर्दी असते. पीककर्ज, विमा, शाळेचे दाखले, सगळ्याला कागद लागतात आणि कागद म्हटले की झेरॉक्सवाला आलाच. आमच्याकडे एकाच टेबलावर झेरॉक्स, डीटीपी, फ्लेक्स आणि ऑनलाइन अर्ज चालतात. परवा कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून एक मावशी आली. प्लास्टिकच्या पिशवीतून तिनं जमिनीचा उतारा काढला, घड्या तळहातानं दाबून सपाट केल्या आणि म्हणाली, "बाळ, ह्यात माझं नाव कुठं हाय तेवढं दाखव की."

उतारा कन्नडमध्ये. जमीन तिच्या सासऱ्यापासूनची. नवरा गेल्यावर वारसा लागला आणि तिचं नाव चढलं. चढलं असं तिला कुणीतरी सांगितलं होतं, पण तिनं ते कधी पाहिलं नव्हतं. मला कन्नड वाचता येतं, शाळेत सक्तीचं होतं म्हणून. मी नावावर बोट ठेवलं. तिनं वरून किती ओळी आणि कडेपासून किती बोटं हे मापून घेतलं. "चौथी वळ, दोन बोटं आत," असं दोनदा पुटपुटली. पुढच्या वेळी कुणाला विचारायला नको.

मग दुसरी भानगड निघाली. तिच्या एका ओळखपत्रावर कन्नडमध्ये आडनाव छापलं होतं ते वाचून दाखवलं तर 'कडम'. उताऱ्यावर 'कदम'. मावशी म्हणाली, "मी कडम कुठली? कडम कोण हाय आमच्यात?"

बेळगाव, सीमाभाग, राजकारण असे शब्द एका ओळीत आले की वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे सीमाभागातल्या मराठी माणसांचा १ नोव्हेंबरचा काळा दिन येतो, सीमावादासाठी नेमलेला महाजन आयोग येतो, २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला महाराष्ट्राचा दावा येतो. ते सगळं आहेच. मला मात्र त्याहून खालच्या पातळीवरची गोष्ट सांगायची आहे. अर्जातल्या रकान्याची. कारण बहुतेक माणसांची राज्याशी गाठ पडते ती विधानसभेत नाही, रकान्यात पडते. आणि रकाना कुणीतरी आखलेला असतो: किती अक्षरं मावतील, कोणती लिपी चालेल, कोणती यादी उघडेल, काय भरल्याशिवाय पुढचं पान येणार नाही. हे ठरवणारा माणूस समोर नसतो. त्यामुळे भांडायचं कुणाशी हेच कळत नाही.

आता कदमचं कडम कसं झालं ते बघू. नाव भरणाऱ्यानं ते इंग्रजीत भरलं: के, ए, डी, ए, एम. इंग्रजीत द आणि ड दोघांनाही डी. मग यंत्रानं त्या इंग्रजीवरून कन्नड बनवलं आणि डीचा त्याला ड वाटला. यंत्राचा तसा दोष नाही, त्याला निम्मीच माहिती दिली होती. याच रस्त्यानं काळेंचं काले होतं, मानेंचं मने होतं, पाटलांची वेलांटी ऱ्हस्व होते. त, ट, द, ड, न, ण, ल, ळ ही सगळी जोडपी इंग्रजीच्या दारातून आत जाताना एकेकटी होतात आणि पलीकडे बाहेर पडताना कोण कुणाचं ते आठवत नाही. कन्नडला ळ आहे, मराठीला ळ आहे. बेळगावच्या नावातच ळ आहे. पण मधे इंग्रजी बसली आणि दोघांचाही ळ गेला.

म्हणजे हा मराठी आणि कन्नडचा झगडा नव्हेच. दोन शेजारणींनी एकमेकींना निरोप द्यायचा तो तिसऱ्याच गल्लीतल्या माणसामार्फत, ज्याला ळ म्हणताच येत नाही.

थेट निरोप देता येतो का? येतो. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. प्रत्येक अक्षराला एक क्रमांक दिलेला असतो आणि आज जगभर चालणारी ती क्रमांकांची यादी म्हणजे युनिकोड. त्यात देवनागरी क चा क्रमांक २३२५. कन्नड क चा ३२२१. वजाबाकी करा: ८९६. आता ळ घ्या. देवनागरी ळ २३५५, कन्नड ळ ३२५१. पुन्हा ८९६. ख घ्या, म घ्या, इकार घ्या, उकार घ्या, फरक तोच. देवनागरीतल्या कदममधल्या प्रत्येक अक्षरात ८९६ मिळवले की कन्नड कदम तयार. त्याला ना इंग्रजी लागते, ना कृत्रिम बुद्धिमत्ता. पाचवीतल्या पोराची बेरीज.

हे योगायोगानं झालेलं नाही. भारतीय लिप्यांचे आकार वेगळे असले तरी वर्णमालेची मांडणी एकच आहे, क ख ग घ, च छ ज झ. हे ओळखून १९९१ मध्ये भारतीय मानक ब्युरोनं इस्की नावाचं मानक पक्कं केलं. त्यात सगळ्या भारतीय लिप्यांतल्या क ला एकच क्रमांक होता. लिपी कोणती दाखवायची हे वेगळं सांगायचं. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनं याच विचारावर यंत्रणा उभी केली. भारतीय लिप्यांसाठीचा इन्स्क्रिप्ट कळफलकही तसाच: मराठी क जिथे, कन्नड क तिथेच. युनिकोडनं हीच मांडणी उचलली, फक्त प्रत्येक लिपीला वेगळा मजला दिला. देवनागरीच्या मजल्यावरून कन्नडच्या मजल्यावर जायचं म्हणजे ८९६ पायऱ्या चढायच्या.

खरं सांगायचं तर सगळं इतकं गुळगुळीत नाही. मराठीत आपण 'कदम' लिहितो आणि म चा अ गिळतो. कन्नड माणूस लिहिलंय तेवढं उच्चारतो, म्हणून तो 'कदमा'च्या जवळ जाणारं काहीतरी वाचेल. त्याला 'कदम' म्हणायला लावायचं तर शेवटच्या म चा पाय मोडावा लागतो. उलट दिशेनं आलं की मराठीत 'रमेश्' असं पाय मोडलेलं नाव उमटतं आणि आपल्याला ते संस्कृत श्लोकातलं वाटतं. वऱ्हाड, ऱ्हास, कऱ्हाडे यातला ऱ तर मजेदार आहे. ८९६ पायऱ्या चढून तो जिथे पोचतो तिथे कन्नडमधलं एक जुनं अक्षर बसलंय, जे हळेगन्नडमध्ये, म्हणजे जुन्या कन्नडमध्ये होतं आणि आज कुणी लिहीत नाही. ॲ ला तर तिथे धड जोडीदारच नाही. तो आपल्या यादीत आला तोही उशिरा, २००८ मध्ये. तेव्हा पाच-दहा नियम वरून लावावे लागतील. पण ते माहीत असलेले नियम आहेत. दोन्ही भाषा येणारा माणूस एका दुपारी लिहून देईल, आणि असली माणसं बेळगावात दर दुसऱ्या घरात आहेत.

मग रकाना तसा का नाही? इथे तंत्रज्ञान संपतं आणि राजकारण सुरू होतं.

कर्नाटकानं जमिनीचे कागद संगणकावर आणले ते 'भूमी' या प्रकल्पातून, २००० च्या आसपास. सुमारे ६७ लाख जमीनमालकांचे दोन कोटी उतारे. तेव्हा देशात एवढं मोठं काम फारसं कुणी केलं नव्हतं, हे सीमाभागातल्या माणसानंही मोकळेपणानं मान्य करावं. हातानं लिहिलेला उतारा बंद झाला. तालुक्याच्या खिडकीवर सुरुवातीला १५ रुपयांत छापील उतारा मिळू लागला. नोंद बदलायचे अर्ज आलेल्या क्रमानंच पुढे सरकतील अशी व्यवस्था यंत्रातच घातली. हा साधा क्रमाचा नियम म्हणजे केवढं राजकारण! पूर्वी कुणाचा कागद वर ठेवायचा आणि कुणाचा तळाला हे तलाठ्याच्या हातात होतं, आणि तळाचा कागद वर कसा येतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. ती सत्ता गावातून उचलली गेली.

पण तलाठ्याबरोबर आणखी एक गोष्ट गेली. गावचा तलाठी आपल्या भाषेत बोलायचा. कागद मोडीत असो, बाळबोधीत असो नाहीतर कन्नडमध्ये, तो वाचून सांगायचा, "हे बघ, हे तुझं, हे भावाचं." छापील कागद वाचून सांगत नाही. यंत्र एका भाषेत बांधलं आणि ज्याला ती येत नाही त्याला आमच्यासारख्या दुकानात यावं लागतं. माझा धंदा चालतो तो बराचसा या एका निर्णयावर, हेही लपवायला नको.

विचित्र गोष्ट अशी की उताऱ्यातले शब्द मावशीला समजतात. मी कन्नड अक्षरं नुसती मोठ्यानं वाचली तरी. त्या कागदाला कन्नडमध्ये पहणी म्हणतात, म्हणजे आपली पाहणी. खाते आहे, हिस्सा आहे, आकारबंद आहे. नवरा मेल्यावर लागतं ते पौती खाते, म्हणजे आपली फौती. कर्नाटकाच्या भूमापन खात्याच्या सॉफ्टवेअरचं नाव 'मोजिणी'. मोजणीच की! 'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा आणि 'कोम' म्हणजे अमक्याची बायको, हे शब्द जुन्या मराठी दस्तांत जसे होते तसे कन्नड उताऱ्यांत आजही भेटतात. शतकानुशतकांचा एकच महसुली कारभार, फारसी-मराठीतून आलेले तेच शब्द. तेव्हा भाषांतराचंही मोठं काम नाही, लिपी तेवढी बदलायची. मावशीला कागद कळत नाही कारण तो तिला ऐकू येत नाही, एवढंच.

तंत्रज्ञानाच्या राजकारणावर लिहिणारे लोक हमखास न्यूयॉर्कच्या पुलांची गोष्ट सांगतात. तिथले रस्ते आखणाऱ्या रॉबर्ट मोझेसनं पूल मुद्दाम ठेंगणे बांधले, बसनं येणारी गरीब आणि काळी माणसं समुद्रकिनाऱ्यावर पोचू नयेत म्हणून. लँग्डन विनर या अभ्यासकानं १९८० मध्ये ती गोष्ट गाजवली आणि पुढे ती कितपत खरी यावर भरपूर वाद झाले. मला तो वाद निरर्थक वाटतो. दुष्ट हेतू असलाच पाहिजे असं कुठे आहे? कन्नड उतारा आखणाऱ्यानं मावशीचा विचार वाईट बुद्धीनं टाळला नसेल. बेंगळुरूत बसून त्याच्या डोळ्यांपुढे ती आलीच नसेल. पलीकडे सांगलीच्या जत तालुक्यात कन्नड बोलणारी गावं आहेत. तिथल्या आज्जीच्या हातात पिढ्यान्‌पिढ्या मराठी सातबारा पडत आला, आणि तो आखणाऱ्या मराठी माणसालाही ती आज्जी दिसली नव्हती.

कायदा मात्र दोघींना ओळखतो. घटनेचं कलम ३५० सांगतं की गाऱ्हाणं मांडणारा अर्ज केंद्रात किंवा त्या राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत देता येतो. भाषिक अल्पसंख्याकांसाठी जे संरक्षण ठरलं त्यात, जिथे एखादी भाषा बोलणारे १५ टक्के किंवा त्याहून जास्त असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्या भाषेतही काढाव्यात असं आहे. खानापुरात किंवा बेळगाव तालुक्यात मराठी त्याहून कितीतरी जास्त. मराठीत परिपत्रकं द्या ही मागणी म्हणूनच इतकी जुनी आणि इतकी हट्टी आहे. पण मागच्या वर्षी एका ऑनलाइन अर्जात मी 'तक्रारीचे स्वरूप' या रकान्यात देवनागरी टाकली, तर लाल अक्षरांत उत्तर आलं: चुकीची अक्षरं. कन्नड टाकून बघितलं, तेही चुकीचं. रकान्याला फक्त इंग्रजी चालत होती. घटनेनं दिलेला हक्क त्या दोन बोटं रुंदीच्या चौकटीनं काढून घेतला. त्यावर कुणाची सही नाही, आदेशाचा क्रमांक नाही, अपील करायला जागा नाही. अधिकाऱ्यानं अर्ज नाकारला असता तर आपण त्याच्या दारात बसलो असतो. चौकटीच्या दारात कसं बसणार?

पाट्यांचं राजकारण त्या मानानं उघड असतं, म्हणून त्यावर बोलणंही सोपं. कर्नाटकानं २०२४ मध्ये कायदा बदलला: पाटीवर ६० टक्के कन्नड, तीही वरच्या भागात. महाराष्ट्रानं २०२२ मध्ये दुकानांच्या कायद्यात घातलं की देवनागरी मराठी आधी आणि तिचं अक्षर दुसऱ्या कुठल्याही भाषेपेक्षा लहान नको. दोन राज्यं एकमेकांशी भांडतात आणि पट्टी मात्र एकाच दुकानातून आणतात. फ्लेक्स बनवणारा म्हणून माझी अडचण वेगळी आहे. ६० टक्के मोजायचे कशाचे? कन्नडमध्ये जोडाक्षराचा दुसरा भाग अक्षराच्या खाली लोंबतो, त्यामुळे ओळीला खाली जागा सोडावी लागते. देवनागरीला वर शिरोरेषा आणि तिच्यावर मात्रा. दोन्ही अक्षरांचा आकार संगणकावर सारखा ठेवला तरी डोळ्याला सारखी दिसत नाहीत. गिऱ्हाईक म्हणतं, "आमचं बारीक दिसालंय बघा." दोन्ही भाषांची गिऱ्हाईकं हेच म्हणतात.

रेषांचंही असंच. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन कोड आला, श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी अधिकाऱ्याच्या डोक्यातून. तेव्हा चंदगडच्या वाट्याला कोल्हापूरचा ४१६ आला आणि बेळगावच्या वाट्याला ५९०. चंदगडची माणसं बाजाराला, दवाखान्याला, लग्नाच्या खरेदीला बेळगावातच येतात. पण अर्जात आधी राज्य निवडायचं, मग त्याच राज्याचे जिल्हे उघडणार. घर एका राज्यात आणि कॉलेज दुसऱ्या राज्यात असलेल्या पोरीला दोन्ही एका पानावर भरता येत नाहीत. रेल्वेला मात्र फिकीर नाही. शहराचं नाव २०१४ ला बेळगावी झालं, स्थानकाचा कोड अजून बीजीएमच आहे. ओल्ड बेळगाम तिकिटावर जिवंत!

निवडणुकीतही आखणी काम करते, आणि ते मतदान यंत्रात घोटाळा आहे की नाही या चर्चेहून वेगळं आहे. आपल्याकडे चिन्हं आली ती वाचता न येणाऱ्यांसाठी, आणि ती फार हुशारीची गोष्ट होती. २०२१ मध्ये बेळगाव महापालिकेची निवडणूक पक्षचिन्हांवर झाली. ५८ पैकी ३५ जागा भाजपनं घेतल्या. मोठ्या पक्षाचं चिन्ह सगळ्या वॉर्डांत एकच. सीमाभाग महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीला राखीव चिन्ह नाही, तिचे उमेदवार अपक्ष, म्हणजे या वॉर्डात एक चिन्ह तर पलीकडच्यात दुसरं. निकालाला कारणं डझनभर होती, समितीतली फाटाफूट हे त्यातलं मोठं. पण माहेर एका वॉर्डात आणि सासर दुसऱ्यात असलेल्या बाईला फोनवर "कशावर शिक्का मारू गं आये" याचं उत्तर एका बाजूला एका शब्दात होतं आणि दुसऱ्या बाजूला नव्हतं. हा फरक कुठल्याही भाषणातून भरून निघत नाही.

आणि मोबाइल. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावानं पाच जणांना मारलं. दोन आठवड्यांच्या आत कर्नाटकात, बीदर जिल्ह्यात तशाच अफवेवरून एकाचा जीव गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचांपेक्षा जास्त ठिकाणी निरोप पुढे ढकलता येणार नाही असं ठरवलं. माणसं तीच, राग तोच, बोट तेच. फक्त बटण जरा जड केलं. २०२० मध्ये फार फिरलेल्या निरोपांना तर एकावेळी एकच ठिकाण ठेवलं. तरी डिसेंबर २०२१ मध्ये बेंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकल्याचा व्हिडिओ फिरला आणि बेळगाव तापलं. मग बेळगावच्या अनगोळमध्ये कर्नाटकाचे स्वातंत्र्यवीर संगोळ्ळी रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली, जमावबंदी आली. जड बटणानं वणवा विझत नाही, मधे विचार करायला चार मिनिटं मिळतात. पूर्वी तीही मिळत नव्हती.

मावशीच्या उताऱ्याकडे परत येतो. कडमचं कदम करायला तिला अर्ज भरून दिला. दुरुस्तीचा रकाना इंग्रजीच होता, तेव्हा खाली 'द, ड नव्हे' असं सांगायची सोय नव्हती. म्हणून डी पुढे एच लावून पाहिला. यंत्रानं 'कधम' केलं. मावशी हसली. शेवटी कन्नड अक्षरं यादीतून एकेक उचलायची एक आडबाजूची खिडकी सापडली आणि नाव बरोबर बसलं.

मग तिच्या उताऱ्याची मोठी झेरॉक्स काढली आणि प्रत्येक रकान्यावर पेन्सिलीनं देवनागरीत लिहून दिलं: सर्व्हे नंबर, हिस्सा, आकार, खातेदार, पीक, कर्जाचा बोजा. पाणी कुठलं, माती कुठली, तेही. तिला वाचता येत होतं, चौथीपर्यंत मराठी शाळेत गेली होती. बोट ठेवून एकेक शब्द तिनं मोठ्यानं वाचला. बोज्याच्या रकान्यापाशी थांबली. तिथे सोसायटीचं एक कर्ज अजून दिसत होतं. "हे आम्ही फेडून झालंय की," ती म्हणाली. "पावती घरात हाय माझ्याजवळ."

पुढच्या आठवड्यात ती पावती घेऊन आली. सोबत तिच्या दोन जावा होत्या, आणि त्यांच्या पिशव्यांत त्यांचे उतारे.